माकड रात्रीच का जागं होतं?

प्रश्न : आमच्या कुबरनेटीस क्लस्टरवर (अनेक सर्व्हर मिळून अ‍ॅप चालवणारी यंत्रणा) आम्ही क्यूब-मंकी बसवलं, म्हणजे सेवा तग धरते का हे पाहायला मुद्दाम पॉड (अ‍ॅपच्या चालू प्रती) मारणारं साधन. वेळ दिली सकाळी १० ते दुपारी ४. पण दिवसभर काहीच होत नाही, रात्री साडेदहानंतर मात्र पॉड मरायला लागतात. गेल्या शनिवारी पहाटे तीनला ऑन-कॉलचा (बिघाडाला धावायची पाळी असलेल्याचा) फोन वाजला. पेमेंट सेवेच्या डिसरप्शन बजेटमध्ये (एका वेळी किती पॉड बंद पडू द्यायचे याची मर्यादा) ‘किमान ३ पॉड चालू’ असं लिहिलेलं असूनही चारही एकदम गेले. असं कसं?
– एक वाचिका, पुणे

उत्तर : माकड वेळेवरच येतंय हो, पण लॉस एंजेलिसच्या! कॉन्फिगमध्ये टाइम झोनची ओळ नसली की ते ‘अमेरिका/लॉस एंजेलिस’ धरून चालतं. तिथले सकाळचे १० म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे १०.३०, हिवाळ्यात ११.३०. शनिवार-रविवार ते सुट्टी घेतं, तीही तिथल्याच हिशेबाने. तुमची शनिवारची पहाट म्हणजे तिथली शुक्रवारची दुपार. ‘एशिया/कोलकाता’ लिहा. नेटफ्लिक्सच्या केऑस मंकीपासून (याच धर्तीचं आधीचं साधन) या खटाटोपाचा हेतूच हा, की मोडतोड व्हावी ती माणसं जागेवर असताना.

आता बजेट. ते अडवतं फक्त एव्हिक्शनला, म्हणजे पॉड रीतसर हलवण्याला, जसं नोड ड्रेन करताना (एखादा सर्व्हर रिकामा करताना) वगैरे. क्यूब-मंकी पॉड थेट डिलीट करतं, तिथे बजेटला कुणी विचारतच नाही. चारही गेले, त्या अर्थी तुमच्या लेबलांत (सेवेला चिकटवलेल्या सेटिंगच्या चिठ्ठ्यांत) किल-मोड, म्हणजे किती पॉड मारायचे ती पद्धत, ‘किल-ऑल’ तरी आहे, नाहीतर टक्केवारी किंवा संख्या चारही जातील एवढी ठेवलेली आहे. ‘फिक्स्ड’ करा आणि व्हॅल्यू १. पेमेंटसारख्या सेवेवर याहून जास्त धाडस मला पटत नाही, निदान सुरुवातीला.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. पॉड मारताना क्यूब-मंकी त्याला आवरायला ५ सेकंद देतं, कुबरनेटीस एरवी ३० देतं. चालू व्यवहार अर्धवट तुटत असतील तर आधी ग्रेस पीरियड (ही आवरायची मुदत) ३० करून बघा.

या साधनात ड्राय रन मुळात चालूच असतं. त्यात ते कुणाला मारलं असतं एवढंच लॉगमध्ये लिहितं. शिवाय ‘एनेबल्ड’ लेबल लावल्याशिवाय ते कुठल्याही डिप्लॉयमेंटला (एका सेवेच्या पॉडांच्या संचाला) हात लावत नाही. म्हणजे तुमच्याकडे कुणीतरी ड्राय रन बंद केलं आणि पेमेंटवर लेबलही लावलं. आज ड्राय रन परत चालू करा, ते लेबल काढा, आणि हे दोन्ही बदल कुणी मंजूर केले ते गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) शोधा.