येशू ख्रिस्त खरंच होऊन गेला, की ते निव्वळ मिथक आहे?

होऊन गेला; बहुतेक सगळे इतिहासकार, त्यांत नास्तिकही आले, हेच मानतात. मला सर्वांत वजनदार वाटतं ते सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याचं गलतीकरांना (आजच्या तुर्कस्तानातल्या गलतियातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना) लिहिलेलं पत्र, येशूच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांतलं. त्यात तो सहज सांगून जातो की आपण यरुशलेमला केफाकडे, म्हणजे येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याच्याकडे, पंधरा दिवस राहिलो आणि ‘प्रभूचा भाऊ’ याकोब यालाही भेटलो. मिथकातल्या माणसाच्या भावाला कोण भेटतं? ‘भाऊ’ म्हणजे पंथबंधू, असं मिथकवादी म्हणतात. पण मग तोच शब्द शेजारच्या ओळीतल्या पेत्राला का नाही? याच याकोबाला दगडांनी मारल्याची नोंद ज्यू इतिहासकार जोसेफसने इ.स. ९३-९४च्या सुमारास केली, तीही ‘ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ’ अशी ओळख देऊन. रोमन सुभेदार पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिल्याचं रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. ११६च्या आसपास लिहितो. जोसेफसचा येशूवरचा दुसरा, मोठा उतारा मात्र जपून वापरा, त्यात नंतरच्या ख्रिस्ती नकलनविसांनी भर घातली आहे. आणि यातून सिद्ध होतो तो क्रुसावर मेलेला गालीलातला एक ज्यू उपदेशक. चमत्कार किंवा पुनरुत्थान नव्हे.