फिशटँकमध्ये जिवंत रोपं लावायची आहेत, सुरुवातीला कोणतं पुस्तक घेऊ?

एकच घ्यायचं असेल तर डायना वॉल्स्टॅड यांचं ‘इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड ॲक्वेरियम’ घ्या. पहिली आवृत्ती १९९९ची, पण मिळाली तर नवीन पाहा. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर न लावता, तळाला साधी माती आणि वर बारीक खडी घालून टाकी कशी चालते, हे त्यात कारणांसकट आहे. पाण्यातली बरीचशी रोपं नायट्रेटपेक्षा माशांच्या घाणीतून येणारं अमोनियम आधी शोषतात, म्हणजे माशांची घाण हेच त्यांचं खत, हा मुद्दा तिथे नीट कळतो. माझ्याकडे हे पुस्तक आहे आणि अडलं की अजूनही तेच उघडतो. मात्र ते रोपं ओळखण्यासाठी नाही. तक्ते आणि आलेखच जास्त. ओळखीसाठी क्रिस्टेल कासेलमान यांचं जाडजूड ‘ॲक्वेरियम प्लांट्स’ बरं. रोपांच्या टाक्या सजवणारे जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो यांची पुस्तकं फोटोंसाठी बघाच, पण ती पाहून पहिली टाकी लावायला जाऊ नका.

दुसरं कुठलं हातात आलं तर विकत घेण्याआधी एवढं चाळा:

- ॲन्यूबियास या पाणरोपाचं आडवं खोड खडीत पुरू नये, असं सांगितलंय का?
- दुकानात टाकीसाठी म्हणून विकला जाणारा ड्रॅसिना (खरं तर कुंडीतलं शोभेचं झाड) पाण्याखाली कुजतो, याचा उल्लेख आहे का?
- प्रकाशाचं माप फक्त ‘गॅलनमागे इतके वॅट’ असंच दिलंय? मग तो भाग ट्यूबलाइटच्या काळातला. एलईडीला लावू नका.