स्वतःची मते तपासायला सुरुवात करताना

आपण स्वतःची मते तपासून पाहायचे ठरवलेत, याचा मनापासून आनंद झाला. सुरुवातीला एकच मत निवडा, आणि तेही ज्यात आपला जीव फारसा गुंतलेला नाही असे. श्रद्धेच्या प्रश्नांना पहिल्याच दिवशी हात घालू नका. ते मत वहीत एका वाक्यात लिहा आणि खाली ‘काय दिसले तर मी हे सोडेन?’ याचे उत्तर लिहा.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे केवळ दुजोरा शोधणे. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २, ४, ६ या संख्यांमागचा नियम ओळखायचा होता; त्यासाठी स्वतः तीन-तीन संख्या सुचवून त्या नियमात बसतात का, हे विचारता येत होते. अनेकांनी ८, १०, १२ अशा आपल्या अंदाजाला जुळणाऱ्याच संख्या विचारल्या आणि ‘दोनाने वाढणाऱ्या’ असे ठामपणे सांगितले. नियम मात्र संख्या चढत्या असाव्यात, एवढाच होता. कोणी १, २, ३ विचारले असते, तरी अंदाज चुकल्याचे कळले असते!

चार्ल्स डार्विन आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी गोष्ट आढळताच टिपून ठेवत, कारण अशाच गोष्टी लवकर विस्मरणात जातात, हे त्यांनी ओळखले होते. ही सवय आजच लावून घ्या.

दुसरी चूक म्हणजे मोकळे मन ठेवण्याच्या नादात सगळेच दावे सारखे मानणे. पुरावा तोलण्याचे बारकावे पुढे पाहू. तूर्त महिनाभर वही भरा.