केसपेपर स्वतःच्या नावाचा काढ

बेटा,

तुझा मेसेज रात्री पावणेतीनला आलेला, मी सकाळी पाहिला, आणि तेव्हापासून ओपीडीत पोरांच्या छातीला स्टेथो लावतेय पण डोक्यात तूच आहेस. "मॅडम, मला रडू पण येत नाही, काहीच वाटत नाही." फोन केला तर तू कट केलास आणि लगेच लिहिलंस की ओके आहे, झोपते आता. म्हणून हे लिहायला बसले. फोनवर तू हो मॅडम हो मॅडम करून मला कटवशील, लिहिलेलं निदान रूमवर परत परत वाचता येईल तुला.

आधी एक सरळ विचारते. मरून जावं, सगळं संपवावं असं मनात येतं का? विचारल्याने असले विचार डोक्यात येतात हा गैरसमज आहे, उलट कोणीतरी स्पष्ट विचारलं की माणसाला बोलायला जागा मिळते, हे तुला पुढे सायकियाट्रीच्या पोस्टिंगला शिकवतीलच. उत्तर हो असेल तर उरलेलं पत्र नंतर वाच. आत्ता रूमवर एकटी बसू नकोस, शेजारच्या रूममधल्या पोरीला उठव, आणि १४४१६ लाव. टेली मानस म्हणून सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, नाव सांगायची सक्ती नाही. आणि मला लाव, रात्रीचे तीन वाजले असतील तरी लाव. फारच वाटत असेल तर सरळ कॅज्युअल्टीत जा, तुझ्याच हॉस्पिटलच्या, तिथे तुला कोण ओळखतं याचा विचार तेव्हा करायचा नाही.

नाही असेल तर बस, सविस्तर बोलू.

तुझं एमबीबीएसचं पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी निघालं, गावात फ्लेक्स लागला, तुझा फोटो अॅप्रन घातलेला, खाली अख्ख्या भाऊबंदकीची नावं. तुझी आई मला तेव्हा म्हणाली होती, "आमनी पोर डाक्टर व्हई ऱ्हायनी मॅडम." तिचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. आणि तो फ्लेक्सच तुझ्या छातीवर बसलाय हे मला कळतं गं. कानबाईच्या सणाला पण तू घरी गेली नाहीस यंदा. रोट खायला सुरतेहून, पुण्याहून माणसं येतात आणि तू सबमिशन आहे म्हणून सांगितलंस. सबमिशन नव्हतं ना? गावात गेलं की प्रत्येक ओट्यावरून विचारणार किती राहिलं अजून, त्या प्रश्नाला तोंड द्यायचं नव्हतं तुला. मला माहितीये कारण मी हेच केलंय.

१९९३ ची गोष्ट. फर्स्ट एमबीबीएसचा निकाल लागला पावसाळ्याच्या तोंडावर आणि मी फिजिओलॉजीत गेले. दहावीपर्यंत अमळनेर तालुक्यातल्या शाळेत मराठीतून शिकलेली मी, शहरातल्या त्या कॉलेजात पहिले सहा महिने लेक्चरला काय बोलतायत तेच समजायचं नाही, वहीत ऐकू येईल तसं देवनागरीत लिहून घ्यायची आणि रूमवर डिक्शनरी घेऊन बसायची. बोलताना तोंडून डोळ्याला डोया निघायचं, केळ्याला केयं, रूममेट हसायच्या. वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एका परीक्षकाने माझा उच्चार ऐकून शेजारच्या परीक्षकाकडे पाहिलं आणि दोघं हसले, त्यानंतर मला येत होतं तेही आलं नाही. मार्क गेले त्याचं काही नाही, पण त्या दिवसापासून मी बोलणंच बंद केलं. मेसमध्ये सगळ्यात शेवटी जायची म्हणजे कोणी भेटायला नको.

घरी सांगितलं नाही. आमच्या घरी फोन नव्हता, मी आंतरदेशीय पत्र लिहायची. बॅच पुढे गेली होती, मी मागे ऑड बॅचमध्ये, म्हणजे नापास झालेल्यांच्या, आणि पत्रात लिहायची की वॉर्डात जाते, पेशंट बघते, सर चांगलं शिकवतात. दिवाळीला घरी गेले तर स्टेशनवर उतरून दुपारपर्यंत बाकड्यावरच बसून राहिले, पाय उचलत नव्हते. घरी पोचले तेव्हा ओसरी कापसाने भरलेली, दाराशी जेमतेम वाट, दादांच्या टोपीला, भुवयांना सरकी-कापसाचे तंतू चिकटलेले. मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं, एका दमात, बॅग खांद्यावर तशीच. दादा काही बोलले नाहीत, भुवईवरचा कापूस पुसला आणि म्हणाले, "बठ, पहिले जेवी ले." आईने कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. जेवण होईस्तोवर कोणी एक शब्द बोललं नाही. मग दादांनी एवढंच विचारलं, आते परीक्षा कधी शे. आणि रात्री खाटेवर पडल्यावर म्हणाले की मला आधीच कळलं होतं, तुझी पत्रं आधी घडीच्या कडेपर्यंत भरलेली असायची, आता चार ओळी येत होत्या.

पाच महिने मी ज्या गोष्टीला घाबरले ती गोष्ट दहा मिनिटांत झाली. नापास झाल्याचं दुःख होतंच पण रोज खोटं लिहायचं, मग ते खोटं लक्षात ठेवायचं, याने मला जास्त खाल्लं. तू पण आता चार ओळी लिहितेस, आईला नुसता थम्स अप पाठवतेस, म्हणून सांगतेय.

आता डॉक्टर म्हणून बोलते. परीक्षेच्या आधी झोप उडणं, पोटात गोळा येणं, पोस्टिंगला एखादा पेशंट गेला की दोन दिवस जेवण न जाणं, हे सगळ्यांना होतं, परीक्षा झाली, घरचं खाल्लं, झोप काढली की माणूस परत जागेवर येतो. तुझं तसं नाही वाटत मला. दोन आठवड्यांच्या वर रोज जवळपास दिवसभर मन मेलेलं, आवडीचं काही आवडत नाही, झोप एकतर नाही किंवा दिवसभर, भूक गेली, एकच पान चारदा वाचून डोक्यात जात नाही, आपण कुचकामी आहोत असं वाटतं, हे डिप्रेशनचं वर्णन आहे आणि तू मागच्या महिनाभरात तुकड्या तुकड्याने मला हेच लिहिलंयस. हेच एखाद्या पेशंटने सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस का, की आळस सोड आणि अभ्यास कर? मग स्वतःला का म्हणतेस. पण डायग्नोसिस मी मेसेजवरून करणार नाही आणि तूही मोबाईलवर प्रश्नावली भरून करायचं नाही. त्यासाठी समोर बसावं लागतं.

तू एकटी पण नाहीस यात. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सचा अहवाल आला, ऑनलाइन सर्वे होता, २५ हजारांवर एमबीबीएसच्या मुलामुलींनी उत्तरं दिली. २७.८ टक्के जणांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं आणि १६.२ टक्के जणांनी जीव द्यायचे विचार येऊन गेल्याचं. पीजी, म्हणजे एमबीबीएसनंतर पुढचं शिक्षण करणाऱ्यांत हे विचार ३१.२ टक्के. तुझ्या लेक्चर हॉलमध्ये मान खाली घालून बसलेल्या पोरांत असे किती असतील बघ, आणि प्रत्येकाला वाटतं की बाकी सगळे मजेत आहेत, मीच कमजोर.

यात सगळा दोष पोरांच्या मनाचा नाही हेही बोललं पाहिजे. १९९२ सालीच केंद्र सरकारने रेसिडेंट डॉक्टरांसाठी, म्हणजे पीजी करता करता हॉस्पिटलात राबणाऱ्यांसाठी, सलग बारा तासांच्या वर ड्युटी नको, आठवड्याला ४८ तास, असं कागदावर आणलेलं आहे. मी त्यानंतर सात वर्षांनी पीजीला लागले आणि छत्तीस छत्तीस तास सलग उभी राहिले, एका सीनियरने दहा नाइट लागोपाठ लावल्या, का तर मी उलट विचारलं म्हणून. मला राग येतो अजून. तुझ्यापाशी पुढे हे येणार आहे. जातीवरून, गावावरून, भाषेवरून कोणी बोललं, सीनियरने त्रास दिला तर गप्प बसू नकोस. रॅगिंगची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८०० १८० ५५२२, आणि तारीखवार लिहून ठेव कोण काय बोललं ते. लिहिलेलं कामाला येतं.

तर पीजीच्या दुसऱ्या वर्षी मी पण तिथेच पोचले जिथे तू आहेस. एनआयसीयूत, नवजात बाळांच्या आयसीयूत, बाळाची सलाईन लावताना हात थांबायचा आणि का थांबला कळायचं नाही. माझ्या को-रेसिडेंटने एक दिवस हाताला धरून खाली नेलं आणि खिडकीवर रांगेत उभं केलं, म्हणाली केसपेपर काढ, स्वतःच्या नावाचा. मी म्हटलं वॉर्डबॉय पण मला ओळखतो इथला. ती म्हणाली मग काय झालं, ओळखतो तर लवकर काढून देईल. त्या कागदावर माझं नाव, वय, पुढे स्त्री, आणि नंबर. दिवसाला शंभर केसपेपर हाताखालून जायचे, स्वतःचा पहिल्यांदाच पाहिला. मला त्या खिडकीवरच रडू आलं.

नऊ महिने गोळ्या घेतल्या मी. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली, फरक काही नाही, वाटलं हे पण बेकार. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी हॉस्टेलच्या मागे कोणीतरी वांगी भाजत होतं, तो वास आला आणि भूक लागली. साधी भूक. किती दिवसांनी लागली होती कोणास ठाऊक. तुला औषध दिलं तर हे लक्षात ठेव, असर दिसायला दोन ते चार आठवडे जातात, डिप्रेशनच्या त्या रोजच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. तुझ्या वयात पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी वाढली, नको ते विचार वाढले तर त्याच दिवशी डॉक्टरला सांगायचं, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. कोणाला नुसत्या काउन्सिलिंगवर पण बरं वाटतं, ते तपासणारे ठरवतील.

आणि जे मी तुझ्या टेबलावर मागच्या वेळी पाहिलं त्याबद्दल. झोपेसाठी सीनियरकडून घेतलेली अल्प्राझोलमची पट्टी. त्या गोळीची सवय लागते, आणि फार लवकर लागते. फेकून दे असं म्हणत नाही, रोज घेत असशील तर अचानक सोडणं पण धोक्याचं असतं, पट्टी सोबत घेऊन जा आणि किती दिवस, किती घेतली ते खरं सांग. वायवाच्या आधी छातीची धडधड थांबवायची गोळी पण पोरं एकमेकांना वाटतात, कोणाला दमा आहे विचारत नाहीत, ते पण नको.

बॅचमेट बघतील ही भीती आहे ना? मग दुसऱ्या हॉस्पिटलला जा, जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी असते, प्रायव्हेटला जायचं असेल तर पहिली फी मी देते, तू इंटर्न झालीस की परत दे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तुझ्या उपचाराची माहिती गुप्त ठेवायची असते, डॉक्टर तुझ्या डीनला सांगत फिरत नाही. माझं रजिस्ट्रेशन अडलं नाही, प्रॅक्टिस अडली नाही, आज माझ्या दवाखान्याबाहेर आया चप्पल काढून रांगेत बसतात त्यातल्या एकीला पण काही फरक पडला नाही.

हजेरीचं म्हणशील, तर थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते खरी, म्हणून गुपचूप गैरहजर राहू नकोस, मेडिकल सर्टिफिकेट देऊन मेंटॉर सरांशी बोल. समजा एक टर्म गेलीच, सहा महिने गेले, तर गेले. एमबीबीएस पूर्ण करायला नियमाने नऊ वर्षं मिळतात. माझे सहा महिने गेले होते, आता विचारशील तर कोणते महिने ते पण आठवावं लागतं.

आईला सांगायचं कसं हा तुझा मोठा प्रश्न. डिप्रेशन हा शब्द वापरू नकोस, तिला तो टीव्हीतला वाटेल आणि ती घाबरेल. आपल्या बोलीत सांग. मना जीव लागत नई, झोप नई, भूक नई, दवाखान्यात जाऊन ऱ्हायनू. एवढं ती समजते, तिने घरात हे पाहिलंय कधीतरी, नाव वेगळं असेल. नसेल जमत तर मी तुझ्या समोर फोन लावते, तू फक्त बाजूला बस. कर्जाचं, फ्लेक्सचं, लोक काय म्हणतील याचं आत्ता नको, ते मी तुझ्या वडिलांशी बोलेन, त्यांचं आणि माझं जमतं.

उद्या सोमवार आहे, ओपीडीत गर्दी असेल, तरी सकाळीच जा. रूममेटला सोबत ने, ती पोरगी चांगली आहे, दोनदा मला तुझ्याबद्दल मेसेज करून झालाय तिचा, तिच्यावर रागावू नकोस. आत काय बोललीस ते मला सांगायची गरज नाही. केसपेपर काढलास की फक्त "काढला" एवढं टाइप कर, मी ओपीडीत असले तरी बघेन. बुधवारी मी एसटीने तुझ्याकडे येतेय, कळण्याच्या भाकरी आणि तुझ्या आईने दिलेला ठेचा घेऊन. दुपारी एकपर्यंत पोचेन, मेसमध्ये जेवून घेऊ नकोस.

तुझी
मॅडम