पाम बीचच्या सपाट रस्त्यानंतर चढाचा सराव कुठे करावा?

नेरुळला राहायला आल्यापासून दोन महिने आपण पाम बीच रस्त्यावर रोड सायकल चालवत आहात, आता सह्याद्रीच्या पायथ्याचे चढ करायचे आहेत, तेव्हा सुरुवात कुठून करावी आणि माथेरानचा घाट लगेच जमेल का, असे आपण विचारले आहे. मी गेली अकरा वर्षे, आधी ठाण्यात आणि आता बेलापुरात राहून, याच रस्त्यांवर सायकल चालवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझे पहिले आणि आग्रहाचे सांगणे असे की, मार्ग निवडताना चढाच्या आधी उताराचा विचार करावा. चढताना दम लागला तर उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहता येते. उतरताना वेग हाताबाहेर गेला तर विचार करायलाही वेळ मिळत नाही. मी पहिल्यांदा नेरळहून माथेरानला चढणारा घाट केला तेव्हा वर, वाहने जेथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापर्यंत पोहोचल्याच्या आनंदात उतरायला लागलो आणि भीतीपोटी दोन्ही ब्रेक सतत दाबून धरले. माझ्या सायकलला रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेवर (रिमवर) दाबणारे ब्रेक होते. अर्धा घाट उतरेपर्यंत बोटे आखडली, रिम हात लावता येणार नाही इतकी तापली आणि एका वळणाच्या थोडे आधी पुढची ट्यूब फुटली. वळणावर फुटली असती तर काय झाले असते, हा विचार आजही मनातून जात नाही. चढून मिळवलेल्या उंचीत जी शक्ती साठलेली असते, तिचा मोठा भाग ब्रेक लावत सावकाश उतरताना उष्णता होऊन ब्रेकवाटेच बाहेर पडतो. म्हणून सरळ पट्ट्यात, वळणाच्या आधीच, दोन्ही ब्रेक थोडा वेळ जोरात दाबून वेग उतरवावा, मग ब्रेक सोडून रिमला वारा लागू द्यावा आणि प्रत्यक्ष वळणात ब्रेकला शक्यतो हात लावू नये. हात हँडलच्या खालच्या वळणदार भागावर असावेत. तेथून ब्रेकवर जोर अधिक मिळतो आणि सायकलही स्थिर राहते.

हे शिकण्यासाठी आपल्याला लांब जाण्याची गरज नाही. बेलापूरच्या पारसिक हिलचा रस्ता लहान आहे, पण चढ खरा आहे. तो रविवारी सकाळी तीन-चार वेळा चढावा आणि तितक्याच वेळा काळजीपूर्वक उतरावा. ठाण्यात होतो तेव्हा हेच काम मी येऊरला करीत असे. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असून प्रवेशालाच वन खात्याची चौकी आहे; झाडीमुळे सावली मिळते, परंतु हा बिबट्याचा वावर असलेला परिसर आहे, त्यामुळे तेथे अंधारात जाण्याचा आग्रह धरू नये. घोडबंदर रस्त्यावरचा गायमुखचा चढ मात्र मी कुणालाही सुचवणार नाही. अंतर थोडे असले तरी अवजड वाहने इतक्या जवळून जातात की सराव बाजूलाच राहतो. मुंब्रा बायपासलाही हेच लागू आहे.

यानंतर पनवेलहून नेरे गावाचा रस्ता धरावा. माझ्या मते आपल्या परिसरात नवशिक्यासाठी याहून चांगला रस्ता नाही. शहर मागे पडले की रहदारी विरळ होते, नेऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी काम करणारी शांतिवन ही संस्था लागते, आणि पुढे गाढेश्वर धरणाकडे जाताना रस्ता सतत थोडा वर, थोडा खाली होत राहतो. समोर माथेरानचा लांबलचक डोंगर आणि उजव्या हाताला प्रबळगड दिसत असतो. असा लाटेसारखा वरखाली होणारा रस्ता गिअर वेळेवर बदलायची सवय लावतो. चढ अंगावर आल्यावर, पायावर पूर्ण जोर असताना गिअर बदलला तर साखळी कुरकुरते, कधी उतरतेही. तो चढाच्या पायथ्याशी, पाय हलके असतानाच बदलायला हवा. पावसाळ्यात धरण परिसरात बंदीचे आदेश निघतात, ते पाळावेत.

गोवा महामार्गाने कर्नाळ्यापर्यंत जाणेही चांगले. वाटेत शिरढोण लागते, क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. मी तेथे पाणी पिण्यासाठी नेहमी थांबतो. कर्नाळ्याची खिंड सौम्य आहे, फक्त महामार्ग असल्याने डाव्या कडेची शिस्त सोडू नये आणि पाठीमागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा.

मग जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने चौक, खालापूर करीत खोपोली. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, म्हणून शेडुंगच्या आसपास फाटे नीट पाहूनच पुढे जावे. खोपोलीपर्यंत रस्ता बराचसा सोपा आहे आणि त्यानंतर बोरघाट एकदम उभा राहतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हाच घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. शिंग्रोबाच्या देवळापर्यंत चढावे, इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून लोक ज्याला मानतात त्या शिंग्रोबाला नमस्कार करावा आणि तेथूनच परत फिरावे. पुढे हा रस्ता काही अंतर द्रुतगती मार्गाच्या वाहनांबरोबर जातो आणि तेथील वेग सायकलस्वारासाठी नाही.

माथेरानचा घाट यानंतरच. माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, तर नेरळ समुद्रसपाटीपासून फारसे वर नाही. ही उंची दस्तुरीपर्यंतच्या सात-आठ किलोमीटरमध्येच बरीचशी गाठायची असल्याने सरासरी चढ ९ टक्क्यांच्या आसपास पडतो आणि काही वळणांवर त्याहून बराच जास्त. येथे पायांइतकेच गिअरही महत्त्वाचे ठरतात. पुढे ३४ दातांची आणि मागे २८ दातांची चकती असेल तर ताशी ८ किलोमीटर वेगाला मिनिटाला जेमतेम बावन्न-त्रेपन्न पेडल पडतात, आणि इतक्या संथ गतीत सगळा भार गुडघ्यांवर येतो. मागे ३४ दातांची चकती बसवली तर त्याच वेगाला त्रेसष्टच्या आसपास पेडल पडतात. आपल्या सायकलच्या डिरेलरला (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाला) एवढी मोठी चकती चालते का, हे दुकानात विचारून घ्यावे. चालत असेल तर हा खर्च आधी करावा, हलकी चाके नंतर घेता येतील. घाटात टॅक्सींची सतत ये-जा असते, म्हणून शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी जाणे उत्तम.

माळशेजचा मोह सध्या आवरावा. ठाण्याहून एकीकडचे अंतरच १०० किलोमीटरच्या पुढे जाते. तो मुक्काम करून करण्याचा मार्ग आहे.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. ऑक्टोबरातही सावलीतल्या वळणांवर शेवाळ टिकून असते. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे साडेपाचला निघालात तर पहिला तास-दीड तास अंधारातच जातो आणि पुढचा दिवाही चांगला लागतो. तरीही लवकरच निघावे, कारण अकरानंतर पनवेल ते नेरुळ हा परतीचा टप्पा ऊन आणि ट्रक यांमुळे घाटापेक्षा जड जातो. दोन ट्यूब, पंप आणि दोन बाटल्या पाणी बरोबर असावे. येत्या रविवारी पारसिक हिलवर दोन चढ करून पाहा; उतरताना खांदे ताठ होतात की सैल राहतात ते कळवलेत, तर नेऱ्याला कधी जावे हे मी नक्की सांगू शकेन.