मुलाच्या नाटकासाठी स्वस्तात, हलकं कड्यांचं चिलखत कसं बनवू?

खऱ्या लोखंडी कड्यांच्या नादी लागू नका, मोठ्या माणसाचं अख्खं चिलखत सहज 10 किलोच्या आसपास जातं, पोरगं दुसऱ्या प्रवेशातच रडेल. नाटक-सिनेमावाल्यांची जुनी युक्ती म्हणजे जाड दोरा विणून त्याला चंदेरी रंग. तुम्ही काळी जाड लोकर घ्या, जाड सुयांवर सगळे सुलटच टाके, सैलसर, घरात आज्जी असेल तर तिला पटवा. मग जवळजवळ कोरड्या स्पंजने चंदेरी अ‍ॅक्रिलिक वरच्यावर थोपटायचं, खाचा काळ्याच राहू द्यायच्या, त्यानेच तर कड्यांचा भास होतो. मी पहिल्यांदा स्प्रेचा अख्खा डबा मारला तर सगळं पापडासारखं कडक. आणि आत बनियन घालाच, लोकर टोचते.