संध्याकाळ झाली की विनाकारण जीव घाबरा होतो, काय करावं?

वय २९, घर बार्शीला, तुम्ही जुळे सोलापुरात खोली घेऊन एकटे राहता, काम लॅपटॉपवर घरूनच. कुणाशी भांडण नाही, कर्ज नाही, तरी रोज साडेपाच-सहा वाजले की छातीत धडधड, पोटात गोळा, आता काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं, आणि रात्री नऊनंतर आपोआप निवळतं. एवढं तुम्ही लिहिलंय आणि शेवटी तीन गोष्टी विचारल्यात: हे वेड लागायचं लक्षण आहे का, झोपेची गोळी घ्यावी का, आणि आईला सांगावं का.

वेड नाही. बाकी दोन्हींवर जरा सविस्तर लिहावं लागेल.

मी डॉक्टर नाही. फार्मसी शिकले आणि नवऱ्याबरोबर औषधांचं दुकान चालवते. हा त्रास मी स्वतः काढलाय, आणि काउंटरवर रोज संध्याकाळी तो घेऊन येणारी माणसंही बघते. त्या भरवशावर सांगते.

जी घालमेल रोज ठरल्या वेळेला येते, तिला बहुतेक वेळा काहीतरी कारण असतं. तुम्ही ते मनात शोधताय, ‘मला कशाचं टेन्शन आहे?’ असं स्वतःला विचारताय, आणि उत्तर येत नाही म्हणून आणखी घाबरताय. मनाला थोडे दिवस सुट्टी द्या आणि दिवसात शोधा. दुपारी बारानंतर काय काय होतं ते बघा.

एक साधी वही घ्या. दोन आठवडे लिहा: जेवलात किती वाजता आणि काय, चहा किती आणि शेवटचा कधी, दुपारी झोपलात का, घराबाहेर पाऊल टाकलं का, धडधड कधी सुरू झाली, दहापैकी किती. मोबाईलमध्ये नको, तो हातात घेतला की दुसरंच काहीतरी सुरू होतं. रविवार वेगळ्या खुणेने लिहा. बार्शीला जाल ते दिवसही लिहा, तिथे असताना त्रास होतो का हे फार उपयोगाचं आहे. आणखी एक बघा: हा त्रास सूर्याबरोबर सरकतो की घड्याळाबरोबर? आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो, जूनमध्ये सातच्या सुमारास. अंधारून येण्याशी संबंध असेल तर ऋतूप्रमाणे वेळ बदलेल. बारा महिने साडेपाचच असेल, तर जेवण, चहा, झोप आणि काम यांच्याकडे संशयाने बघा.

चहाबद्दल लोक माझं ऐकून हसतात. पण कॅफिन पोटात गेल्यावर त्यातलं निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. म्हणजे दीडचा, तीनचा आणि साडेचारचा चहा सहा वाजता एकत्र अंगात असतो. त्यात घरून काम करणारा माणूस बाराला जेवतो आणि एकदम नऊला ताटावर बसतो. मधे उपाशी राहिल्यावर काही जणांचं शरीर ॲड्रेनलिन सोडतं, त्याने धडधड होते, हात थरथरतात, घाम फुटतो. भीतीतही शरीर हेच करतं. धडधड आधी सुरू होते आणि मन मागाहून तिला कारण शोधत बसतं. तेव्हा दुपारनंतर चहा बंद करून बघा आणि साडेचारला खरोखर काहीतरी खा. बिस्किट नको. कडक भाकरीचा तुकडा, शेंगाचटणी, दही, किंवा मूठभर फुटाणे. चहा एकदम तोडलात तर दोन-तीन दिवस डोकं दुखेल, म्हणून रोज थोडा कमी करा.

तुम्ही लिहिलं नाही तरी विचारते: मावा, तंबाखू, सिगारेट? रात्रीची रोजची दारू? निकोटिनची तलफ आणि रोज पिणाऱ्याची संध्याकाळची अस्वस्थता हुबेहूब अशीच दिसते. यातलं काही नसेल तर पुढे चला. रोजची दारू असेल, तर मनाच्या जोरावर एका दिवसात बंद करू नका. डॉक्टरांना सांगून कमी करायची असते.

दुपारची झोप हा माझा स्वतःचा विषय. मुलगा शिकायला पुण्याला गेला त्या वर्षी मी दुकानात फक्त सकाळी बसायला लागले. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, बाहेर चिटपाखरू नाही, घरात कूलरची घरघर. जेवून आडवी झाले की थेट पाचला जाग. उठल्यावर डोकं जड, घर रिकामं, उजेड उतरायला लागलेला, आणि छातीत असं काहूर की गॅससमोर उभी राहून रडायचे. सासूबाई म्हणायच्या तिन्हीसांजेला झोपू नये, लक्ष्मी परत जाते. लक्ष्मीचं मला माहीत नाही, पण दोन-अडीच तास गाढ झोपून संध्याकाळच्या तोंडावर उठलं की मेंदूला जागं व्हायला वेळ लागतो आणि रात्रीची झोपही उडते, हे खरं आहे. माझ्या वहीत एक गोष्ट स्पष्ट निघाली: नवऱ्याला काम असलं आणि मला संध्याकाळी दुकानात बसावं लागलं, की त्या दिवशी त्रास नसायचा. मग झोप अर्ध्या तासावर आणली, गजर लावून, आणि संध्याकाळची पाळी मागून घेतली. त्रास निम्म्याहून कमी झाला. पूर्ण गेला नाही. उरलेल्यासाठी मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले, काही महिने गोळ्या घेतल्या, आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

तुमच्या बाबतीत माझा सगळ्यात जास्त संशय मात्र कामावर आहे. माझे सासरे लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. ते सांगायचे, भोंगा झाला की पाळी संपली. साचा पुढच्या माणसाच्या हाती, आपण बाहेर. गेटातून घोळक्याने निघायचं, वाटेत चहा, कुणाची तरी चेष्टा, घरी येईपर्यंत काम अंगावरून उतरलेलं असायचं. ते दिवस सुखाचे होते असं मी म्हणत नाही. कापसाची धूळ छातीत भरायची आणि पगार हातात पुरायचा नाही. पण दिवस कधी संपला हे त्यांना दुसऱ्याने सांगितलेलं असायचं. तुम्हाला कोण सांगतं? सहा वाजतात, लॅपटॉप उघडाच, मेसेज येतोच आहे, साहेब ऑनलाइन दिसतायत, आणि ज्या पलंगावर काम केलं त्याच पलंगावर आता आराम करायचा. दिवसभर कामाच्या रेट्याखाली दबलेलं सगळं नेमकं त्याच वेळी वर येतं, आणि बोलायला समोर कुणी नसतं.

म्हणून तुमचा भोंगा तुम्हीच ठरवा. सव्वापाचला, म्हणजे त्रास सुरू होण्याच्या आधी, लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवा, कपडे बदला आणि खोलीबाहेर पडा. काम उरलंच असेल तर सातनंतर परत बसा, पण मधला तासभर बाहेर. जुळे सोलापुरातून कंबर तलाव लांब नाही, तिथे त्या वेळी चालणारे भरपूर असतात. गर्दी आवडत असेल तर सिद्धेश्वरला जा, तळ्याच्या काठाने मंदिरात चालत जायचं, देव मानत असा वा नसा. पार्क चौकात जाऊन नुसतं काहीतरी खाऊन आलात तरी चालेल. व्यायाम म्हणून अर्धा तास जरा जोरात चाललात तर दुहेरी फायदा. चालतानाही हृदय धडधडतं आणि आपल्याला काही होत नाही, हे शरीराला रोज कळतं. ही सवय बसायला आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका.

धडधड आलीच तर तिच्याशी झगडू नका. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मग बोटांना मुंग्या, चक्कर, ओठ बधिर. ते बघून माणूस आणखी घाबरतो. श्वास नाकाने सावकाश आत, चार आकडे मोजत. बाहेर सोडताना सहा आकडे. खोल ओढायच्या भानगडीत पडू नका, सोडणं लांबवा. पाच मिनिटं. उठून भांडी घासा, कुणाला तरी फोन लावा, पण ‘मला काय होतंय’ हे गूगलवर शोधू नका. भीतीची मोठी लाट आली तर बहुधा दहाएक मिनिटांत टोकाला जाते आणि मग उतरायला लागते.

मात्र छातीत दाबल्यासारखं दुखलं, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, दरदरून घाम आला, शुद्ध हरपली, तर यातलं काहीही करत बसू नका. १०८ ला फोन करा. वय २९ आहे म्हणून थांबू नका.

तपासण्या एकदा करून घ्या. जवळच्या एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरांना वहीचं पान दाखवा. थायरॉइड वाढलेला असला, हिमोग्लोबिन कमी असलं, तरी धडधड आणि घाबरेपणा येतो. साखर आणि ईसीजीही ते बहुधा बघतील. दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, थायरॉइडची जास्त झालेली मात्रा यांनीही छाती धडधडते, तेव्हा घेत असाल ते सगळं औषध सांगा, ‘ते तर साधंच आहे’ म्हणून वगळू नका.

आता गोळी. ‘ती झोपेची छोटी गोळी द्या, शेजारच्या काकांना लगेच बरं वाटतं’ असं आमच्याकडे कुणी ना कुणी येऊन म्हणतंच. ती बहुतेक वेळा अल्प्राझोलाम असते. लगेच बरं वाटतं हे खरं, आणि गोचीही तिथेच आहे. काही तासांत असर उतरतो, उतरताना तीच अस्वस्थता परत येते, काही आठवडे रोज घेतली की शरीर तिची वाट बघायला लागतं. मग संध्याकाळी जी घालमेल होते ती मूळची की गोळी मागणारी, हे ओळखता येत नाही. बरेच दिवस घेऊन अचानक बंद केली तर फिट येऊ शकते. म्हणूनच २०१४ पासून ती एच-वन यादीत आहे: चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या रजिस्टरला चढवायचं, रजिस्टर तीन वर्षं जपायचं. कुणी ओळखीवर देत असेल तर तो तुमच्यावर उपकार करत नाही.

मानसोपचारतज्ज्ञ या त्रासासाठी सहसा ज्या गोळ्या सुरू करतात, एस्सिटॅलोप्राम किंवा सर्ट्रालिनसारख्या, त्या वेगळ्या. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. पहिल्या आठवड्यात उलट थोडं जास्त घाबरल्यासारखं किंवा मळमळल्यासारखं होऊ शकतं. बरीच माणसं तिथेच सोडून देतात आणि ‘मानसिकच्या गोळ्या लागू पडत नाहीत’ म्हणत फिरतात. तलफ लागेल अशा या गोळ्या नाहीत, पण बंद करतानाही डॉक्टरांना विचारून हळूहळू करायच्या. सगळ्यांना गोळी लागतेच असंही नाही. विचारांवर काम करणारी समुपदेशनाची पद्धत या त्रासावर चांगली चालते, फक्त त्यात गृहपाठ असतो आणि तो करावा लागतो.

कधी जायचं? वही लिहून, चहा-झोप-काम जागेवर आणून महिन्याभरात फरक नसेल तर. काम होईनासं झालं, झोप उडाली, तर त्याआधीच. जगणं नको वाटायला लागलं तर त्याच दिवशी. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. रात्री दोन वाजता घरच्यांना उठवायला नको वाटतं तेव्हा हा लावा. खासगी डॉक्टरांची फी जड वाटत असेल तर आपलं सिव्हिल आहे. मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल असल्यामुळे तिथे मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जा, केस पेपरची रांग मोठी असते.

आईला सांगा. पण संध्याकाळी त्रास चालू असताना फोनवर नको, त्या वेळी तुमचा आवाज ऐकून त्या रात्रभर झोपणार नाहीत. बार्शीला जाल तेव्हा सकाळी चहा घेताना सांगा: रोज संध्याकाळी मला धडधडतं, तपासण्या करतोय, डॉक्टरांना दाखवतोय. त्या दृष्ट काढायची म्हणतील तर काढू द्या, मीठ-मोहऱ्यांनी कुणाचं वाईट झालेलं नाही. कुणी बाबा-बुवाचा पत्ता पुढे करेल, तिथे मात्र ठाम नाही म्हणा. आणि त्यांना एक काम द्या: रोज साडेसहाला फोन करायचा आणि तुमच्या तब्येतीचा विषय काढायचा नाही. आज भाजी काय केली, शेजारी कोण आलं होतं, एवढंच बोलायचं.